म्हाडाचं घर: सोडत बरी की रांग?

परळची लेक

२०१२ पासून आम्ही म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीला अर्ज करतोय. एका वर्षी अर्जासोबत भरायच्या अनामतीचे पैसे जमले नाहीत आणि २०१९ नंतर २०२३ पर्यंत मुंबईत सोडतच निघाली नाही. एवढं वगळलं तर एकही वेळ चुकवली नाही. नऊ अर्ज झाले. नवव्या अर्जाला आमची जी किंमत होती, तीच काल पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्याची. हे मला पटत नाही.

बारा वर्षांत आम्ही सहा खोल्या बदलल्या. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो. दलालाला एक महिन्याचं भाडं, टेम्पोवाला, नव्या मालकाचं डिपॉझिट. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता आणि आमचा पत्ता कधी जुळलाच नाही. एका वर्षी नवऱ्याचा ओव्हरटाइम जास्त झाला, तर अत्यल्प उत्पन्न गटातून अल्प उत्पन्न गटात गेलो. तिथली घरं आणखी महाग.

माझं म्हणणं एवढंच की थांबलेली वर्षं कुठेतरी मोजली जावीत. नावनोंदणीची रांग लावा, नंबर द्या, दर वर्षी तो किती पुढे सरकला ते जाहीर करा. माणूस वीस वर्षं थांबेल, पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळू दे. २०२३ पासून तर एकदा केलेली नोंदणी कायम राहते, आधार आणि पॅन त्यांच्याकडे आहे. माझे अर्ज मोजायला संगणकाला कितीसा वेळ लागणार?

जुना कारकून

ताई, तुमचा त्रास खरा आहे. तरीही मी रांगेच्या विरोधात आहे, आणि ठामपणे आहे.

माझी नोकरी एका सरकारी कार्यालयात गेली, कुठल्या ते सांगत नाही. याद्या कशा जगतात ते मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. आमच्या पिढीने गॅसच्या नंबरसाठी वाट पाहिली, टेलिफोनसाठी पाहिली, बजाजच्या स्कूटरसाठी पाहिली. त्या प्रत्येक रांगेत नंबराला भाव आला. ज्याला स्कूटर नकोच होती तोही नाव लावून ठेवायचा आणि नंबर आला की वरचे पैसे घेऊन विकायचा. स्कूटरचं जिथे हे झालं, तिथे मुंबईतल्या घराचं काय होईल?

दुसरं म्हणजे रांग लांब असली की मधे घुसायला जागा फार. अर्ज गहाळ होतो, तारीख खाडाखोड होते, 'विशेष बाब' म्हणून कुणीतरी वर सरकतं. सोडतीत निदान संगणकाचं बटण सगळ्यांसमोर दाबलं जातं. पूर्वी रंगशारदात सोडत व्हायची तेव्हा मी दोनदा मागे उभा होतो. पडद्यावर नाव आलं की बाई जागच्या जागी खाली बसून रडताना पाहिल्यात. त्या बाईची कुणाशी ओळख नव्हती. हे मला फार मोलाचं वाटतं.

गिरणगावचा मुलगा

रांग काय असते ते आम्हाला विचारा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. संपाने गिरणी गेली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं मिळतील असं ठरलं, पण २००१ मध्ये नियम बदलला आणि वाट्याची जमीनच आक्रसली. मग अर्ज मागवले. गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, जे मिळेल ते जोडा. आईने ते सगळं पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली ठेवलेलं होतं. ईएसआयच्या कार्डावरचा वडिलांचा फोटो ओल येऊन अर्धा पुसला गेलाय.

अर्ज दीड लाखाच्या आसपास आले. २०१२ ला गिरणी कामगारांची वेगळी पहिली सोडत, ६,९२५ घरं. २०२० ची सोडत धरूनही घरांचा आकडा वीस हजारांवर गेला नाही. वडील गेले, आता वारस म्हणून आईचं नाव आहे. मुंबईत जागा नाही म्हणून लांब शेलू-वांगणीला जा, असं सांगतात. त्याविरुद्ध जुलै २०२५ ला आझाद मैदानात मोर्चा निघाला, मीही गेलो होतो. काठी टेकत आलेले म्हातारे पाहिले.

आमच्याकडे यादीही आहे आणि सोडतही आहे. घर दोन्हीत नाही. घरं बांधली जात नाहीत तोवर वाटायचं कसं यावर भांडून काय हाती लागणार?

परळची लेक

दादा, तुमच्या आईसाठी जीव तुटतो. पण म्हणूनच मोजणी हवी. दर वर्षी तुमच्या यादीतली किती माणसं घर न पाहता गेली हा आकडा सरकारला जाहीर करावा लागला असता, तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. सोडतीत हरलेल्यांचा हिशोबच राहत नाही. २०२३ ला ४,०८२ घरं होती आणि अर्ज लाखावर. घर लागलेल्यांचे फोटो पेपरात आले. बाकीच्यांना अनामत परत, की सरकारच्या लेखी विषय संपला.

न्यू जर्सीकर

मी इथल्या एका वाचनालयात शनिवारी वयस्कर लोकांचे अर्ज भरून देते, त्यात आपलीही माणसं असतात. अमेरिकेत 'सेक्शन एट' नावाची भाडेमदत आहे, १९७४ पासूनची. भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भरायचे, उरलेलं भाडं सरकार घरमालकाला देतं. ऐकायला छान. पण भाडेमदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांमागे जेमतेम एकाला ती मिळते. उरलेले यादीत, किंवा यादी उघडण्याची वाट बघत. लॉस एंजेलिसची यादी २०२२ मध्ये पाच वर्षांनी उघडली. जागा ३० हजार, अर्ज सव्वादोन लाखांच्या घरात. यादीत कुणाला घ्यायचं ते सोडतीने ठरलं. म्हणजे रांगेत उभं राहण्यासाठीसुद्धा सोडत!

आणि रांगेची एक क्रूर बाजू. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा नंबर सात वर्षांनी आला. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. उत्तराची मुदत टळली आणि नाव कमी झालं. सतत घर बदलावं लागतं म्हणून मदत मागायची, आणि घर बदललं म्हणून मदत हुकायची. परळच्या ताई, सहा खोल्या बदललेल्या माणसाला पत्रावर चालणारी रांग परवडणार नाही.

मात्र भाड्याचा मुद्दा इथे कुणीच काढला नाही, तो काढते. मालकीचं घर लागण्याची वाट बघत बारा वर्षं परळच्या ताईंच्या कुटुंबाने भाडं भरलंच ना? त्या काळात थोडा हातभार मिळाला असता तर?

गिरणगावचा मुलगा

भाड्याच्या घरांची योजनाही झाली होती. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, १६० चौरस फुटांच्या खोल्या भाड्याने देण्यासाठी म्हणून बांधून घेतल्या. त्यातल्या पनवेलच्या कोनमधल्या दोन-दोन खोल्या जोडून शेवटी गिरणी कामगारांना विकायला काढल्या. भाडेकरूंसाठी बांधलेलं घरही आपण विकूनच मोकळे होतो.

ठाण्याचा रहिवासी

विरार-बोळींजला म्हाडाच्याच कोकण मंडळाची घरं पडून होती, 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' म्हणून दिली. ज्याला खरी गरज आहे त्याने तिकडे जावं. मी स्वतः दूर राहतो आणि रोज लोकलने येतो.

परळची लेक

सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळच्या विरार लोकलमधून त्यांना कसं नेऊ, तेवढं सांगा. गरज खरी आहे म्हणूनच जागा बघावी लागते.

जुना कारकून

ताई, काल रात्री विचार केला. वर्षं मोजण्याच्या तुमच्या मागणीत तथ्य आहे, हे मान्य करतो. रांग नको, पण सोडतच ठेवून हरलेल्या दर अर्जामागे एक जादा चिठ्ठी टाकता येईल. बटण तेच, पारदर्शकता तीच.

त्यातही एक अडचण आहे, ती बोलल्याशिवाय राहवत नाही. अत्यल्प गटाची अनामत २०२३ ला २५ हजार होती. ज्याच्याकडे ती दर वेळी तयार असते त्याच्या चिठ्ठ्या साठत जातील. ज्याला तुमच्यासारखं एखादं वर्ष सोडावं लागलं, किंवा जो घरकामाच्या पगारातून कधी एवढे जमवूच शकला नाही, तो मागेच राहील. तेव्हा आधी अत्यल्प गटाची अनामत कमी करा, मग चिठ्ठ्या वाढवा. या क्रमाशिवाय मी पाठिंबा देणार नाही.

परळची लेक

क्रम मान्य. ज्या वर्षी आमचा अर्ज चुकला तेव्हा चार हजार कमी पडले होते. मंगळसूत्र ठेवायचं का यावर रात्रभर बोलत बसलो आणि नाही ठेवलं.

अनामत आणि जादा चिठ्ठी, दोन्ही मुद्द्यांचं निवेदन मी लिहायला घेतेय. कारकूनकाका, सरकारी भाषा तुम्ही तपासून द्याल का?

जुना कारकून

देतो. आणि अधिवास प्रमाणपत्र बारकोडचं आहे ना ते आजच पेटीतून काढून बघा. जुनं असेल तर आत्ताच नवं करायला टाका. सोडत जाहीर झाल्यावर दाखल्यांच्या सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.