गाडी उभी असताना इंजिनातून चूं-चूं आवाज

प्रश्न:
माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी झालेत. सकाळी सुरू केली की बॉनेटखाली चिमणी बसल्यासारखं चूं-चूं. ॲक्सिलरेटर जरा दाबला की गप्प. गॅरेजवाल्याने बेल्ट बदलून बाराशे घेतले. दोन दिवस शांतता, मग परत तेच. आता सोसायटीचा वॉचमन न बघताच गेट उघडतो.

उत्तर:
आवाज चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा, इस्त्रीची बाटली चालते. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं) एका रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट ढिला. बाह्या, ओढणी सांभाळा.

उत्तर:
आणि बेल्टवर तेल किंवा डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारू नका, कोणी कितीही सांगो. मी मारून बसलोय.

प्रश्नकर्ता:
पाणी मारलं. ढिम्म फरक नाही.

उत्तर:
मग बेअरिंग (पुली ज्यावर फिरते तो आतला भाग) बघा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) बॉडीवर, मूठ कानामागच्या हाडाला लावून आवाज ऐका. फिरत्या भागाला अजिबात लावू नका. मग इंजिन बंद करा, बेल्ट उतरवा आणि एकेक पुली हाताने फिरवून बघा.

प्रश्नकर्ता:
सापडलं! अल्टरनेटर निर्दोष. आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) बोटाने फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी खरखर, ग्रीस पार सुकलेलं. नवी साडेसहाशेला मिळाली. बाराशेचा बेल्ट उगाच बदलला. वॉचमन मात्र आज हॉर्न वाजवल्याशिवाय उठला नाही.