मदत हवी आहे: एकच गेम इंजिन, दोन कन्सोल, एकावर लेव्हल उघडताच गोठतं

तिरकीरेघ
इंजिनचा कोड आज रात्री सगळ्यांसाठी खुला करायचाय आणि नेमकं आत्ताच अडकलंय. लेव्हल लोड झाली की स्क्रीन गोठते. दुसऱ्या कन्सोलवर तोच कोड, तीच फाइल, काही अडचण नाही. मेमरी पुरेशी आहे, तपासली. हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वाचून व्हर्टेक्सच्या, म्हणजे त्रिकोणांच्या टोकांच्या, यादीकडे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लावतो, तिथेच अडकतं. लवकर सांगा.

मेमरीकार्ड
कोणते दोन कन्सोल? गोठतं कशावर? इम्युलेटर की खरं यंत्र? लेव्हल फाइल कशाने बनते? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

काडतूस६४
आधी फ्लोट (दशांश संख्या) काढा. पहिल्या प्लेस्टेशनच्या आर३०००ए प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिटच नाही, प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरमधून होतो. दोन कन्सोलवर एकच गणित हवं तर २०.१२ फिक्स्ड पॉइंट (पूर्णांकातच शेवटचे १२ बिट अपूर्णांकाचे), म्हणजे १.० = ४०९६. गुणाकारानंतर १२ बिट उजवीकडे सरकवा, पण मधलं उत्तर ६४ बिटांत घ्या. ३२ बिटांत १६ × ८ लाच साइन बिट उलटतो.

तिरकीरेघ
गणिताचा प्रश्नच नाहीये. पीएस१ (पहिलं प्लेस्टेशन) वर चालतं, एन६४ (निन्टेन्डो ६४) वर नाही. त्यांच्यासाठी अनुक्रमे पीएसनूबएसडीके आणि लिबड्रॅगन हे खुले विकास संच वापरतो. सध्या इम्युलेटर. फाइल पायथन स्क्रिप्टने बनते: ३२-बिटी मॅजिक नंबर (फाइल ओळखायची ठरावीक संख्या), १६-बिटी व्हर्टेक्स संख्या, १६-बिटी फ्लॅग, ३२-बिटी ऑफसेट. सी मध्ये तसाच स्ट्रक्ट आहे, फाइलचे बाइट सरळ तोच स्ट्रक्ट मानून वाचतो.

रजिस्टर९
बाइट ऑर्डर, म्हणजे संख्येचे बाइट ठेवायचा क्रम. पीएस१ लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी), एन६४ बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा आधी). ३०० व्हर्टेक्स असतील तर फाइलमध्ये २सी ०१ असे (हेक्स) बाइट पडतात. एन६४ ते ०x२सी०१, म्हणजे ११,२६५ वाचतो. ६४ चा ऑफसेट १,०७,३७,४१,८२४ होतो. पॉइंटर रॅमच्या पार बाहेर, म्हणून एक्सेप्शन, म्हणजे प्रोसेसर अडतो. मॅजिक नंबर लिहिता पण तपासत नाही, नाहीतर पहिल्याच ओळीत सापडलं असतं. एन६४ च्या बिल्डसाठी पायथनच्या स्ट्रक्ट.पॅकच्या फॉरमॅटमध्ये लेस-दॅनच्या जागी ग्रेटर-दॅन टाका आणि वेगळी फाइल काढा.

मेमरीकार्ड
असहमत. कोड खुला करताय. दोन फाइली ठेवल्या की घेणारा चुकीची उचलणारच. एकच ठेवा, एन६४ वर लोड करताना बाइट उलटवा. लेव्हलमागे एकदाच होतं, वेळ जात नाही.

रजिस्टर९
वेळेचा मुद्दा नाहीच. उलटवायला प्रत्येक फील्डची रुंदी इंजिनला माहीत लागते. सरसकट चार-चार बाइट उलटवले तर १६-बिटी जोडीत एक्सच्या जागी वाय येतो आणि आरजीबीए रंग एबीजीआर होतात. स्क्रिप्टला रुंदी आधीच ठाऊक आहे, ते काम तिथेच व्हावं. चुकीची फाइल उचलली तर मॅजिक नंबर जुळणार नाही. संदेश छापून थांबा.

काडतूस६४
अवांतर: सेगाच्या सॅटर्न कन्सोलचे दोन्ही एसएच-२ प्रोसेसर बिग-एंडियनच आहेत, त्यामुळे बाइट ऑर्डर एन६४ चीच चालेल. पण त्याची चित्र काढणारी चिप, व्हीडीपी१, चौकोन काढते. त्रिकोण हवा तर चौथा बिंदू तिसऱ्यावरच ठेवावा लागतो आणि टेक्स्चर त्या टोकाला चिमटतं.

तिरकीरेघ
सॅटर्न नकोय. ग्रेटर-दॅन केल्यावर इम्युलेटरवर चाललं. खऱ्या एन६४ वर मात्र काही त्रिकोण ताणलेले, दर वेळी वेगळे.

मेमरीकार्ड
फाइल वाचता कशी? फाइलसिस्टिममधून की थेट डीएमए (सीपीयूला वगळून सरळ रॅममध्ये नक्कल)?

तिरकीरेघ
थेट डीएमए. मॅलॉकने घेतलेल्या बफरमध्ये.

रजिस्टर९
मग कॅश, म्हणजे सीपीयूजवळची रॅमची छोटी, जलद प्रत. पीएस१ ला डेटा कॅश नाही, त्या जागेचा १ केबी स्क्रॅचपॅड (साधी जलद मेमरी) केलाय, म्हणून तिकडे हे कधी दिसत नाही. एन६४ ला ८ केबी डेटा कॅश आहे, १६ बाइटच्या ओळी. डीएमए कॅशला वळसा घालून रॅममध्ये लिहितो आणि सीपीयू कॅशमधलं जुनंच वाचत बसतो. बरेच इम्युलेटर कॅशची नक्कलच करत नाहीत. डीएमए सुरू करण्याआधी त्या बफरवर ‘डेटा कॅश हिट राइटबॅक इनव्हॅलिडेट’ हे फंक्शन बोलवा. बफर १६ बाइटवर अलाइन करा (पत्ता १६ च्या पटीत), लांबीही १६ च्या पटीत. ओळीच्या मध्येच बफर संपला तर शेजारचं व्हेरिएबल त्याच ओळीत येतं आणि ती ओळ रॅममध्ये परत लिहिली जाताना तुमचे शेवटचे बाइट पुसले जातात.

षट्कोन
कोड खुला करताय म्हणून विचारतो: पीएस१ च्या फोल्डरमध्ये लिबजीटीई.एच ही फाइल आहे का?

तिरकीरेघ
आहे, सायक्यूवर (पीएस१ चा जुना अधिकृत विकास संच) होतो तेव्हाची. बिल्डमध्ये येत नाही.

षट्कोन
बिल्डमध्ये नसली तरी वाटली जातेच. ती जुन्या अधिकृत संचातली फाइल आहे, ती पुढे द्यायचा हक्क तुम्हाला नाही. पीएसनूबची पीएसएक्सजीटीई.एच वेगळी, तिची हरकत नाही. आणि नुसती डिलीट करून कमिट केलंत तर गिटच्या इतिहासात लिबजीटीई.एच राहतेच. गिट फिल्टर-रेपोने काढा, नाहीतर नव्या रिपॉझिटरीत फक्त स्वतःचा कोड टाका.

काडतूस६४
आणि परवान्याची फाइल ठेवा. ती नसेल तर कोड दिसला तरी कायद्याने कुणाला वापरता येत नाही. एमआयटी परवाना पुरे.

तिरकीरेघ
कॅश आणि अलाइनमेंटने त्रिकोण जागेवर बसले. सायक्यूच्या अजून चार फाइली सापडल्यात, नवी रिपॉझिटरीच करतो. आज रात्री होत नाही, उद्या टाकतो.