सातवं अक्षर भेटीवरून ठरत नाही

पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की फ्रॅक्चरच्या निदान-कोडच्या शेवटी असलेलं सातवं अक्षर बदलतं, म्हणजे 'ए' जाऊन 'डी' लागतो, असं काही जण म्हणतात. ते चूक आहे. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेत निदानं नोंदवायची कोडपद्धत) 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू, मग भेट कितवी का असेना. उजव्या मनगटाच्या कोलेस फ्रॅक्चरला इमर्जन्सीत स्प्लिंट लावला आणि पुढे ऑर्थोपेडिक सर्जनने शस्त्रक्रिया केली, तर दोन्हीकडे एस५२.५३१ए हाच कोड येणार (हाड उघडं पडलेलं नसेल तर).

'डी' येतो तो हाड नीट जुळत असताना, प्लास्टर बदलायला किंवा तपासणीच्या एक्स-रेला. जुळायला उशीर होत असेल तर 'जी', जुळलंच नाही तर 'के', वाकडं जुळलं तर 'पी'. तिथेही सरसकट 'डी' टाकलेला दिसला की फार वाईट वाटतं, कारण पेशंट जे सोसतोय ते नोंदीतून गायबच होतं.