मदत हवी आहे: अण्णांची ३१५ बोअर रायफल पोलीस ठाण्यात गंजते आहे, माझ्या नावावर कशी करून घेऊ?

नमस्कार. शस्त्र परवान्याचा अनुभव असलेल्यांची आणि जुन्या रायफली हाताळलेल्यांची मदत हवी आहे. लांबलचक लिहिते आहे, कारण माहिती अर्धवट दिली तर उत्तरंही तशीच येतील.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या आषाढात वारले. वय ८४. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, घाटाच्या कडेला. ऊस आणि थोडा भात. १९६६ साली त्यांनी पीकसंरक्षणासाठी परवाना काढला आणि इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) रायफल घेतली. बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची, लाकडी दस्त्याची. रानडुकरांचा कळप उसात शिरला की सकाळी अर्धा फड आडवा झालेला असायचा. त्या काळात त्यांनी दोन डुकरं मारल्याचं आम्हाला ठाऊक आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यानंतर त्यांनी जनावरावर कधी नेम धरला नाही. "आता ती सरकारची आहेत, आपण हाकलायचं फक्त," असं म्हणायचे.

रायफल मात्र त्यांनी घरातल्या माणसासारखी सांभाळली. खंडेनवमीला ती पाटावर यायची. हळदकुंकू, झेंडू, आणि त्याआधी दोन तास साफसफाई. बोल्ट काढून पुसायचा, नळीत गजाने चिंधी फिरवायची, दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं. चिंधी धरायचं काम माझं. बार काढला असेल तर त्याच दिवशी नळीतून कढत पाणी ओतायचं आणि मग तेल, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. कॉलेजात एनसीसीत मी पॉइंट टू टू (लहान बोअरची सरावाची रायफल) चालवली, तेव्हा घरी येऊन त्यांना निशाण्याच्या कागदावरचा गोळ्यांचा गट दाखवला होता. तो कागद त्यांच्या पाकिटात शेवटपर्यंत होता.

२०२४ च्या निवडणुकीआधी आचारसंहितेमुळे रायफल ठाण्यात जमा केली, नेहमीसारखी. नंतर अण्णा आजारी पडले, परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण राहिलं, आणि ते गेले. मागच्या महिन्यात मी ठाण्यात जाऊन रायफल बघितली. बोल्टवर तांबूस गंज, नळीच्या तोंडाशी खपल्या, दस्त्यावर पांढरी बुरशी. एका पावसाळ्यात हे झालं. तिथून बाहेर पडताना मला बोलता येत नव्हतं.

आता अडचणी. परवान्याच्या कार्यालयात (कुठलं ते लिहीत नाही) सांगितलं, की मुलगा असताना मुलीच्या नावावर शस्त्र कशाला, आणि वरून, "ही थ्री नॉट थ्री (फौजेच्या बोअरची) दिसते, ती खाजगी माणसाला मिळत नाही." परवान्याच्या पुस्तकात स्वच्छ ३१५ लिहिलं आहे, पण रायफलीवरचा शिक्का गंजाखाली पुसट झाला आहे. हा फरक सिद्ध कसा करायचा? माझा भाऊ कॅनडात असतो, त्याची हरकत नाही. आईचीही नाही. तर मुलगी म्हणून मला परवाना मिळू शकतो ना?

दुसरं जास्त काळजीचं. अण्णांचा पेटारा आवरताना डब्यात अकरा काडतुसं सापडली. बुडावर इंग्रजीत 'केएफ' आणि ७१ असं आहे. ती घरातच आहेत. काय करू?

आणि चुलतभावाचं म्हणणं असं, की परवाना मिळाला की उसातली डुकरं मारता येतील. मला शिकार करायची नाही. रायफल सांभाळायची आहे आणि जमलं तर रेंजवर वर्षातून दोनचार बार काढायचे आहेत. पण त्याला नेमकं काय सांगू?

— घाटकडची

प्रतिसाद: कागदपत्रवाला

ताई, आधी काडतुसं. परवानाधारक गेल्यावर आणि परवाना संपल्यावर ती तुमच्याकडे राहणं बेकायदा आहे, मग ती पन्नास वर्षं जुनी का असेनात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. ठाण्यात आधी फोन करा, लेखी अर्ज न्या. त्यात वडिलांचा परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, काडतुसांची संख्या आणि ती कशी सापडली हे लिहा. पोच घ्या, शिक्क्यासह. हे उद्याच करा. विहिरीत किंवा नदीत टाकून देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

त्याच कलमात तुमच्या फायद्याचंही आहे. मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसाला, त्याच्याकडे कायदेशीर परवाना आला तर, जमा शस्त्र परत मिळतं, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकता येतं. मात्र त्याला मुदत असते आणि ती उलटली की शस्त्र सरकारजमा होतं. तुमच्या रायफलीची मुदत कधी संपते हे ठाण्याला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

मुलगी वारस आहेच. २०१६ च्या शस्त्र नियमांत मृताच्या वारसाला परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे, तिचा उल्लेख करूनच अर्ज करा. सोबत मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, आई आणि भावाचं ना हरकत शपथपत्र (भावाचं तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून), वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला. पोलीस पडताळणी होईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पण तुमच्याकडे एकही नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. "मुलगा असताना मुलीला कशाला" हे कोणी पुन्हा म्हणालं तर तेच लेखी द्या म्हणावं.

प्रतिसाद: जुना नेमबाज

तुमच्या अण्णांना माझा नमस्कार. कढत पाण्याचा नेम पाळणारी माणसं आता फार उरली नाहीत. जुन्या काडतुसांच्या बुडाच्या टोपीतल्या (जिच्यावर ठोका बसून बार पेटतो) मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार निघाला की त्याचा क्षार नळीत बसतो, हवेतला ओलावा ओढतो आणि रातोरात गंज धरतो. तेलाने तो क्षार जात नाही, पाण्यानेच जातो. म्हणून पाणी आधी, तेल नंतर.

थ्री नॉट थ्री आणि ३१५ चा घोळ समजण्यासारखा आहे, कारण इशापूरची ३१५ ही ली-एनफिल्डच्याच, म्हणजे इंग्रजी फौजेच्या थ्री नॉट थ्री रायफलीच्याच घडणीची. इंग्रजांनी फौजेचं काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून ते बोअर खाजगी माणसाला बंद केलं. मग शिकारी रायफली वेगळ्या काडतुसासाठी बनू लागल्या. ३१५ चं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं, ८ मिमी, पितळी नळकांडं ५० मिमी लांब. थ्री नॉट थ्रीचं नळकांडं ५६ मिमी असतं आणि नळी ७.७ मिमीची. म्हणजे शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराने नळी आणि काडतुसाचं घर मोजलं की पाच मिनिटांत वाद मिटेल. त्याच्या सहीशिक्क्याचं पत्र अर्जाला जोडा. १९६६ ची खरेदीची पावती शोधा, तिच्यावर बोअर आणि रायफलीचा क्रमांक असेल. हा क्रमांक बोल्टच्या दांडीवर, नळीच्या मागच्या भागावर आणि परवान्यावर जुळतो का तेही बघा.

'केएफ' म्हणजे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. पण ७१ सालची ती काडतुसं कुणालाही झाडू देऊ नका. रायफलही परवाना मिळाला म्हणून लगेच चालवू नका. नळीत खोल खड्डे पडलेत का, बोल्ट नीट आवळतो का, हे कारागिराने आधी तपासलं पाहिजे. पॉलिश कागद मात्र लावू देऊ नका, शिक्के आणि मूळ निळसर रंग दोन्ही जातील. तेलात भिजवून तांब्याच्या तारेने हलक्या हाताने गंज निघतो.

सध्या तुम्ही तिला हात लावू शकत नाही, पण परवाना होईपर्यंत ती ठाण्यातून परवानाधारक विक्रेत्याच्या ताब्यात सुरक्षित ठेवण्यासाठी हलवावी, असा अर्ज करता येतो. विक्रेता भाडं घेईल, पण दर महिन्याला तेलाचा हात फिरवेल. आणि रेंजचं आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणची सोय एअर रायफल आणि पॉइंट टू टू पुरती असते. ३१५ ची जवळजवळ सोळा ग्रॅमची गोळी अडवणारा मातीचा बांध सगळीकडे नसतो.

प्रतिसाद: ऊसकरी

चुलतभावाला सांगा, शस्त्राचा परवाना वेगळा आणि डुक्कर मारायची परवानगी वेगळी. ती वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याकडून लेखी मिळाली तरच. तशीच गोळी घातली तर गुन्हा आणि रायफल जप्त. शिवाय उसात पलीकडे कोण पाणी पाजतंय ते दिसत नाही, आणि ही गोळी एका फडात थांबत नाही. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा. आमच्याकडे गव्यांनी खाल्लं तेव्हा मिळाली होती, उशिरा पण मिळाली.

घाटकडची (आठ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काडतुसं दुसऱ्याच दिवशी जमा केली, पोच मिळाली. ठाण्यातले हवालदार चांगले वागले. डबा उघडल्यावर म्हणाले, इतकी नीट गुंडाळलेली काडतुसं आम्ही बघितली नाहीत. मुदतीचा अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे.

खरेदीची पावती सापडली! अण्णांनी ती सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या घडीत ठेवली होती. ३१५ बोअर, आणि क्रमांक परवान्याशी जुळतो. भाऊ पुढच्या आठवड्यात वकिलातीत जातो आहे. विक्रेत्याकडे हलवायच्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका. पाऊस सुरू व्हायला तीन आठवडे राहिलेत.