आईवडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या स्वस्त कशा मिळतील? (खानापूर)

प्रश्न: दोघंही सत्तरीपुढचे. बीपी, शुगर, आईला थायरॉईडही. आयुष्मान कार्डावर रोजच्या गोळ्या मिळतात का?

खानापूर रोड: नाही. ते कार्ड दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णासाठी. डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं त्यात येतात, पुढची नाहीत. आधी सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथं फुकट देतात. साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं केंद्र आणि दर दिसतात.

निपाणीवाले: चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, नाहीतर केंद्रवाला बदलून देत नाही. ‘मेटफॉर्मिन ५०० एसआर’ या शुगरच्या गोळीतलं ‘एसआर’ (हळूहळू विरघळणारी) सुटलं तर साधी गोळी येते, ती लवकर विरघळते आणि पोट बिघडू शकतं. थायरॉईडच्या गोळीची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासा.

बेळगाव कॅम्प: २०१३ च्या सरकारी औषध दरनियंत्रण आदेशात फक्त अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल दर आहे. बाकीच्यांचे दर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढू शकतात, म्हणून डॉक्टरांना यादीतलाच पर्याय विचारा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. बिल मागा आणि तपासा.