मदत हवी आहे: आईला आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची लस द्यावी का?

नमस्कार मंडळी. आई 77 वर्षांची, गेल्या वर्षीपासून आमच्याकडे न्यू जर्सीत असते. दमा जुना. मागच्या हिवाळ्यात नातवाची साधी सर्दी तिच्या छातीत उतरली आणि तीन आठवडे ती पाठीशी उशा लावून बसूनच झोपली. आता डॉक्टर म्हणतात, थंडीआधी आरएसव्हीची लस घ्या. इथे पंचाहत्तरीपुढे सगळ्यांनाच सुचवतात. एकच डोस, फ्लूसारखी दरवर्षी नाही.

माझं मन घेण्याकडेच आहे. पण अरेक्स्वी आणि अब्रिस्वो या लसींच्या माहितीपत्रकात 2025 पासून जीबीएसचा (गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) इशारा आहे. धोका अगदी विरळा, पण आई पुण्यातल्या सिंहगड रोडची. 2025 च्या जानेवारीत तिकडे जीबीएसची साथ आली, तेव्हा शेजारच्या काकूंना भिंत धरूनही उभं राहता येत नव्हतं, ते तिने पाहिलंय. ती साथ दूषित पाण्यामुळे होती हे समजावून झालं. तरी "मला नको गं ते" एवढंच म्हणते.

तुमच्यापैकी कुणी आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना ही लस दिली आहे का? कोणती? नंतर किती त्रास झाला? फ्लूची त्याच दिवशी दिली की वेगळी? दमा असलेल्यांचा अनुभव असेल तर जरूर लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.