मदत हवी आहे: वॅगनआर (२००६), इंजिन तापल्यावरही रेस १५०० च्या खाली उतरत नाही

ऐरोली_४३
वॅगनआर एलएक्सआय, ११०० सीसी पेट्रोल, नंतर बसवलेला सिक्वेन्शियल सीएनजी किट. सकाळी थंड इंजिनाला रेस (पाय न देता इंजिनाचे मिनिटाला फेरे, आरपीएम) १५०० असते, ते समजतं. पण ऐरोलीहून ठाणे स्टेशन गाठेपर्यंतही ती उतरत नाही. पहिल्या गिअरमध्ये पाय न देता गाडी ओढते. पेट्रोल आणि गॅस, दोन्हीवर तेच. रिड्यूसरचा (सीएनजीचा दाब उतरवणारा भाग) डायफ्रॅम बदलला आणि त्याच वेळी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, तेव्हापासून हे सुरू आहे. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. फिटर म्हणतो, स्क्रू फिरवून रेस उतरवून देतो. आरटीओचं पासिंग तोंडावर आहे. फिरवू द्यावा का?

स्पॅनर_१२_१३
अजिबात नाही. तो थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आहे, आयडलिंगचा नव्हे. तो सैल केला तर थ्रॉटलची पाकळी तिच्या नळीत अडकायला लागते, आणि टीपीएसचं (पाकळी किती उघडी आहे ते सांगणारा सेन्सर) बंद स्थितीतलं रीडिंगही हलतं.

रेस वाढली म्हणजे इंजिनात जास्त हवा जातेय. ती इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतः देतोय की चोरवाटेने शिरतेय, एवढंच आधी ठरवा. या गाडीत हवेचं माप मॅप सेन्सरवरून, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या (इंजिनाला हवा वाटणारी नळी) दाबावरून निघतं. त्यामुळे बाहेरून हवा शिरली की इसीएम मुकाट्याने पेट्रोलही वाढवतो, दिवा लागत नाही.

इंजिन तापवा, एसी आणि हेडलाइट बंद ठेवा. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढील आहे ना, ते हाताने पाहा. मग थ्रॉटलवरचा एअर फिल्टरचा पाइप काढा. सेन्सरचा कनेक्टर काढू नका. पाकळीच्या अलीकडे आयडल व्हॉल्व्हकडे (पाकळी बंद असताना इसीएम ज्यातून हवा देतो तो) जाणारं छोटं भोक दिसेल, त्यावर बोट दाबा. इंजिन बंद पडायला आलं, तर हवा व्हॉल्व्हमधूनच जातेय. फरक पडला नाही, तर गळती शोधा. बाह्या वर करा, पंख्यापासून हात लांब.

घोडबंदर_गॅस
गळती निघालीच तर पहिला संशय किटवर. मॅनिफोल्डला भोकं पाडून बसवलेले निपल आणि किटच्या मॅप सेन्सरची बारीक नळी कडक होऊन चिरते. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत ओढणारा व्हॉल्व्ह), रिड्यूसर यांच्या नळ्या फडकं गुंडाळलेल्या पक्कडीने एकेक चिमटा. ज्या नळीला रेस उतरली, ती नळी किंवा तिच्या पुढचा भाग गळतोय. जोडांवर साबणाचं पाणी मारा. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर मारू नका, पेट घेतो.

ऐरोली_४३
बोट ठेवल्यावर इंजिन बंद पडायला आलं. नळ्या चिमटून काही फरक नाही. डॅशबोर्डचा तापमानाचा काटा मध्यावर, पण स्कॅनरवर (इसीएमचे आकडे वाचणारं यंत्र) कूलंट फक्त ३८ अंश!

स्पॅनर_१२_१३
मग चोर सापडला. इसीएमला इंजिन थंडच वाटतंय, म्हणून तो हवा देतोय. काट्यावर जाऊ नका. जुन्या गाड्यांत काट्याचा आणि इसीएमचा सेन्सर बऱ्याचदा वेगवेगळे असतात.

रिड्यूसर कूलंटने तापवलेला असतो, नाहीतर दाब उतरताना गॅस त्याला गोठवतो. तो उघडला की कूलंटच्या लाइनमध्ये हवा शिरते. हवेच्या पोकळीत असलेल्या सेन्सरला पाण्याचा चटका बसत नाही, मग तो थंडच दाखवतो.

हवा अशी काढा: इंजिन पूर्ण थंड, गाडीचं नाक चढाला, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बोअरवेलचं पाणी नको. रिड्यूसरची वरची नळी सैल करा, बुडबुडे थांबून सलग धार आली की क्लॅम्प आवळा. मग इंजिन चालू करून नळ्या दाबत राहा. ८२ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी खाली जाईल, तेवढं भरा, झाकण लावा. तापल्यावर झाकण कधीच उघडायचं नाही.

तरीही स्कॅनर थंडच दाखवत असेल, तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा: २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० ला ३०० ओहमच्या जवळपास. तो बरोबर असेल तर कनेक्टर पाहा. पावसाळ्यात पिनांवर हिरवी बुरशी चढते.

घोडबंदर_गॅस
थर्मोस्टॅट जागेवर आहे ना? ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे खोडच आहे. थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरची वरची नळी धरा. ती बराच वेळ थंड राहून मग एकदम तापली पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू तापली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आत नाहीच.

ऐरोली_४३
वरच्या नळीतून बरीच हवा निघाली, पाऊण लिटर कूलंट मावलं. आता स्कॅनरवर ८७, रेस ११०० वर येऊन अडते.

स्पॅनर_१२_१३
उरलेलं थ्रॉटल साफ केल्यामुळे. काजळी असताना व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे इसीएमने शिकून ठेवलंय. बॅटरीची निगेटिव्ह तार १५ मिनिटं काढा. मग पेट्रोलवर, एसीशिवाय, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत आयडलवर चालू द्या, नंतर तितकाच वेळ एसीवर. ८५० ते ९०० वर बसली पाहिजे.

पीयूसी हे झाल्यावरच करा. थंड समजून इसीएम पेट्रोल जास्त सोडतो, आणि या गाडीला धुरातल्या सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ०.५ टक्के, एचसीची (न जळलेलं इंधन) ७५० पीपीएम आहे. शिवाय सीएनजी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी लागते, वाशीला पासिंगसाठी जाण्याआधी प्रमाणपत्राची तारीख पाहून घ्या. उद्या सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पुन्हा पाहा. परत उतरली असेल तर रिड्यूसरचे क्लॅम्प गळतायत.